स्वस्तातला फिक्स्ड ब्लेड चाकू: पैसा नेमका कशात घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा. बजेट बेताचं आहे आणि एकच फिक्स्ड ब्लेड, म्हणजे पातं न दुमडणारा, चाकू घ्यायचा आहे. तो घराच्या रक्षणासाठी असावा आणि लाकूड तासणं, जाड दोर कापणं, पेट्या उघडणं अशा राकट कामालाही टिकावा. नजरेत भरलाय तो एक मोठा काळा चाकू. त्याच्या पाठीवर करवतीचे दाते आहेत, मूठ पोकळ आहे, मुठीच्या बुडाला होकायंत्र आहे आणि पात्यावर ‘४४० स्टेनलेस’ असं कोरलेलं आहे. घ्यावा का?

घेऊ नका. त्या चाकूत जे जे डोळ्यांना दिसतं त्यावर खर्च केलेला आहे आणि जे दिसत नाही तिथे पैसा वाचवलेला आहे. कमी पैशांत चांगला चाकू मिळतो, अगदी वर्षानुवर्षं साथ देईल असा मिळतो. पण तो दिसायला साधा असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. मी धार लावायला येणारे चाकू रोज हाताळतो. मोडून, वाकून, मूठ सुटून येणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा याच दिखाऊ जातीचा असतो.

आधी घराच्या रक्षणाचं बोलतो, कारण पुढची निवड त्यावर ठरते. चाकू हातभर अंतरावरच चालतो. तो वापरता येईल इतका समोरचा जवळ आला, म्हणजे तुम्हीही त्याच्या टप्प्यात आलात. झटापटीत चाकू शेवटी कोणाच्या हातात राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि अशा प्रसंगी स्वतःलाच जखम होण्याची शक्यता मोठी असते. म्हणून रक्षणाच्या तयारीत चाकूचा नंबर शेवटचा. पहिला नंबर दाराचा. बहुतेक दारं कुलपापाशी नाही, तर चौकटीपाशी हार खातात. कुलपाची जीभ ज्या पट्टीत बसते ती पट्टी बोटाच्या पेरापेक्षा आखूड स्क्रूंनी नुसती चौकटीच्या वरच्या लाकडात धरलेली असते, आणि एका जोरदार लाथेत ती उखडते. लाकडी चौकट असेल तर तिथे ७५ मिलिमीटरच्या आसपासचे, चौकटीच्या मागच्या भक्कम भागापर्यंत पोचणारे स्क्रू घाला. याला खर्च नगण्य येतो आणि फायदा कुठल्याही चाकूपेक्षा मोठा होतो. मग बाहेरचा दिवा, आतून पक्की कडी लागणारी एक खोली, उशाशी चार्ज केलेला फोन आणि झगझगीत प्रकाशाची टॉर्च. खोलीत शिरून कडी लावायची आणि मदतीला फोन करायचा, हा बेत घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. एवढं झाल्यावर, पळायला वाट नाही आणि कडीही तुटली अशा वेळेपुरता चाकू.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. घरात लहान मुलं असतील तर चाकू कुलपात राहिला पाहिजे. घरात दारूवरून भांडणं होत असतील, किंवा कोणाचं मन खचलेलं असेल, तर उशाशी चाकू ठेवण्याचा विचारच सोडून द्या. अशा घरात हाताशी असलेल्या हत्याराचा धोका चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त असतो. कायदाही बघून घ्या. घरात चाकू बाळगणं आणि तो कमरेला लावून बाहेर पडणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्याची लांबी, दुधारी पातं यांवर ठिकठिकाणी वेगवेगळी बंधनं आहेत. तसंही दुधारी पातं तुमच्या कामाचं नाही, कारण त्याच्या पाठीवर ना अंगठा ठेवता येत, ना लाकूड चिरताना ठोका मारता येत.

तर मग चाकू राकट कामासाठी निवडा. राकट कामाला चांगला असलेला चाकू अडचणीच्या वेळीही तेच गुण दाखवतो. ओल्या हातातून निसटत नाही, जोर पडला तर मोडत नाही, म्यानातून एका हाताने निघतो आणि आपणहून कधीच निघत नाही.

यातलं मोडण्याचं आधी. पातं मुठीच्या आत जेवढं जातं त्या भागाला टँग म्हणतात, आणि चाकूची ताकद तिथे असते. मुठीच्या आकाराचाच पोलादाचा पट्टा शेवटपर्यंत गेलेला असेल आणि दोन्ही बाजूंनी मुठीच्या फळ्या रिव्हेटने किंवा स्क्रूने बसवलेल्या असतील, तर तो फुल टँग. मूठ उभी धरून कडेने पाहिलं की दोन फळ्यांच्या मधे पोलादाची रेघ दिसते. दुसऱ्या प्रकारात टँग निमुळता होऊन मुठीच्या आत लपतो. हा प्रकार वाईट असतो असा समज पसरलाय, तो बरोबर नाही. अमेरिकन मरीन्सनी १९४२ मध्ये स्वीकारलेला का-बार चाकू याच निमुळत्या टँगचा आहे, आणि त्याने महायुद्ध पाहिलंय. टँग किती रुंद आहे, किती लांब आहे आणि पात्याला कसा जोडला आहे, हे बघायचं. तुम्ही निवडलेल्या पोकळ मुठीच्या चाकूत टँगच नाही. पात्याचा एक आखूड खुंट नळीच्या तोंडात नट किंवा पिन घालून अडकवलेला असतो. जोर देऊन काही उचकटायला गेलात की सगळा ताण त्या खुंटावर येतो. मासेमारीचा गळ आणि काडेपेटी ठेवायला जागा मिळावी म्हणून चाकूचा कणाच काढून टाकलेला आहे.

टँगबद्दल एक बारकावा असा, जो जाहिरातीत कधी लिहिलेला नसतो. पातं रुंद असतं आणि टँग अरुंद, म्हणजे दोन्ही मिळतात तिथे खांदा तयार होतो. हा खांदा काटकोनात, धारदार कोपरा ठेवून कापला असेल तर पोलाद तिथूनच तडकतं. कापडाला कात्रीने बारीक छेद दिला की ते ओढल्यावर तिथूनच फाटतं, तसंच हे. चांगला कारागीर तिथे गोलाई ठेवतो. माझ्याकडे आलेल्या मोडक्या चाकूंचे तुकडे जुळवून पाहिले की भेग बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून निघालेली दिसते. कडांना जुना, काळपट डाग असतो आणि मधे ताजं, दाणेदार करडं पोलाद. म्हणजे भेग आधीच पडलेली होती आणि शेवटच्या झटक्याने फक्त काम पुरं झालं. लपलेल्या टँगचा चाकू घेताना हा कोपरा दिसत नाही. म्हणून तिथे नाव असलेल्या, वॉरंटी देणाऱ्या कंपनीचाच माल घ्यावा. फुल टँगमध्ये मात्र तुम्ही स्वतः डोळ्यांनी तपासू शकता.

त्याच कारणाने पाठीवरचे करवतीचे दाते नकोत. त्यांनी लाकूड कापलं जात नाही, कारण खऱ्या करवतीच्या दात्यांना आलटून पालटून डावी-उजवीकडे कल दिलेला असतो आणि यांना तो नसतो. दोन-चार ओढीत दाते लाकडात रुततात. पण प्रत्येक दात्याच्या मुळाशी एक धारदार खाच असते आणि ती भेगेला आयतं आमंत्रण देते. वर त्या पाठीवर लाकडी दांड्याने ठोका मारायला गेलात तर दांडाच झिजतो. पाठ सपाट हवी.

आता पोलाद. ‘४४० स्टेनलेस’ ही अर्धीच माहिती आहे. ४४० मध्ये ए, बी आणि सी असे प्रकार आहेत. ४४०सी मध्ये कार्बन सुमारे १ टक्का असतो, ४४०ए मध्ये तो बराच कमी. अक्षर लिहिलेलं नसेल तर चांगलं अक्षर नाही असं धरून चाला. ‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’, ‘हाय कार्बन’ हे शब्दही काहीच सांगत नाहीत. स्वस्त चाकूत ३सीआर१३ नावाचं पोलाद खूप दिसतं. त्यात कार्बन जेमतेम ०.३ टक्के असतो. ते गंजत नाही, मोडत नाही, पण धार मात्र लगेच मरते.

पण पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय हे मोठं. १०९५ हे साधं कार्बन पोलाद आहे, त्यात कार्बन साधारण ०.९ ते १ टक्का. ते ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून झटकन थंड केलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग साधारण २०० अंशांवर पुन्हा काही वेळ तापवलं की ठिसूळपणा उतरतो आणि चिवटपणा येतो. या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. यात घाई झाली तर पातं दाते पडून खराब होतं, उष्णता जास्त झाली तर धार दुमडते. म्हणजे एकाच पोलादाचे दोन चाकू, एक उत्तम आणि एक टाकाऊ, असं होऊ शकतं. राकट कामाच्या चाकूला रॉकवेल मापात ५६ ते ५८ कडकपणा योग्य. ६० च्या वर धार जास्त टिकते, पण आडवा झटका बसला की टवका उडायची भीती वाढते. कंपनीने हा आकडा छापलेला असेल तर ती चांगली खूण आहे, कारण मग तिला कोणीही तपासून जाब विचारू शकतो.

स्टेनलेस की कार्बन? चाकू बहुतेक वेळ खणात पडून राहणार असेल, हवा दमट असेल, तेल लावायचा कंटाळा असेल, तर स्टेनलेस. १२सी२७, ४२०एचसी, ८सीआर१३एमओव्ही ही सगळी स्वस्त चाकूंत मिळणारी आणि भरवशाची पोलादं आहेत. रोज राबवणार असाल आणि पुसून तेल लावायची सवय असेल तर १०७५, १०९५ किंवा ५१६०. यातलं ५१६० तर मुळात गाड्यांच्या स्प्रिंगचं पोलाद, म्हणून झटके सोसण्यात त्याची बरोबरी कठीण. डी-२ सध्या स्वस्त चाकूंवर सर्रास दिसतं. त्यात कार्बन १.५ टक्का आणि क्रोमियम १२ टक्के, धार फार टिकते. पण उचकटायच्या, ठोकायच्या कामात त्याचे टवके उडतात आणि धार लावायला साध्या दगडावर जीव जातो. घरी कापाकापी करणाऱ्याने खुशाल घ्यावं, तुमच्यासाठी नाही.

लांबी आणि जाडी यांत लोक सर्वांत जास्त फसतात. मोठं पातं दिसलं की सुरक्षित वाटतं, हे मी समजू शकतो. पण अरुंद बोळात, दाराच्या आडोशाला, अंधारात २० सेंटिमीटरचं पातं अडखळतं, आणि घरकामात तर ते बाहेरच काढलं जात नाही. १० ते १३ सेंटिमीटर पुरे. लाकूड चिरायचं फारच काम असेल तर १५. जाडी ३ ते ४ मिलिमीटर. सहा मिलिमीटरहून जास्त जाडीचे चाकू मिळतात, बेकर बीके-२ हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. तो खरोखर मोडत नाही, पण वजन जवळपास अर्धा किलो आहे आणि कापताना तो वस्तूला कापण्याऐवजी फाकवतो. पाठीच्या जाडीइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची आहे ती धारेच्या लगेच वरची जाडी. ती अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास असली की चाकू कापतोही आणि टिकतोही. दीड मिलिमीटर असेल तर कितीही धार लावा, तो पाचरच राहतो. धारेचा कोन दोन्ही बाजूंना साधारण २० अंश ठेवा, म्हणजे एकूण ४०. टोक मधल्या रेषेच्या जवळ आणि मागे पुरेशी जाडी असलेलं हवं. सुईसारखं बारीक टोक पहिल्याच उचकटण्यात जातं.

आता मूठ, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. पोलादातला फरक वर्षभराने कळतो, मुठीतला फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो आणि चुकला तर रक्त काढतो. चाकू पुढे दाबताना हात मुठीवरून घसरून धारेवर जातो, आणि मी पाहिलेल्या खोल जखमांत ही जखम वारंवार दिसते. तर्जनी आणि करंगळी यांचे आतले स्नायुबंध कापले गेले तर बोट पुन्हा मिटत नाही, शस्त्रक्रिया लागते. म्हणून पाते आणि मूठ यांच्या मधे अडसर हवाच. तो धातूचा आडवा गार्ड असो, नाहीतर मुठीलाच दिलेला ठळक उंचवटा असो. मागच्या टोकालाही करंगळीला अडवणारा थोडा वळसा हवा.

तपासायची रीत सोपी आहे. चाकू म्यानात पक्का बसवा, म्यानावरून दोरी गुंडाळून ठेवा, म्हणजे तो निघायचा प्रश्नच नाही. मग हाताला साबणाचं पाणी लावा, मूठ धरा आणि म्यानाचं टोक लाकडी फळीवर टेकवून हळूहळू जोर वाढवा. हात पुढे सरकायला लागला तर तो चाकू तुमचा नाही. सरकला नाही तर हात कोरडा करून मूठ तशीच घट्ट धरून पाच मिनिटं मनगट फिरवत राहा. तळव्यात एखादा कोपरा टोचायला लागला तर तासाभराच्या कामात तिथे फोड येणार. घरात आणखी कोणी तो वापरणार असेल तर त्यांच्याही हातात देऊन बघा. लहान हाताला जाड मूठ धरवत नाही.

मुठीच्या साहित्यात रबरासारखा मऊ पदार्थ ओल्यात चांगला धरतो, पण बरीच वर्षं ऊन आणि तेल लागलं की चिकट होतो. काचतंतू मिसळलेलं नायलॉन स्वस्त आणि जवळजवळ अमर आहे. मायकार्टा आणि जी-१०, म्हणजे कापड किंवा काचतंतूंचे थर राळेत दाबून केलेले पदार्थ, उत्तम, पण थोडे महाग. लाकूड सुंदर, पण दमटपणात फुगतं आणि आकसतं, त्यामुळे रिव्हेट सैल होतात.

म्यानाची परीक्षा अशी: चाकू म्यानात घालून, पायाखाली आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, म्यान उलटं धरा आणि झटके द्या. पट्टा न लावताही चाकू आत राहिला पाहिजे. आणि एका हाताने, अंगठ्याने म्यान ढकलून तो सहज निघाला पाहिजे. तुम्ही निवडलेल्या चाकूचं म्यान नायलॉनच्या कापडाचं आहे. त्यात आत कडक अस्तर नसेल तर टोक कापडातून बाहेर येतं आणि मांडीत शिरतं. कायडेक्स किंवा कडक प्लॅस्टिकचं म्यान घ्या. कातड्याचं म्यान कमरेला छान, पण कार्बन पोलादाचा चाकू त्यात महिनोन्‌महिने ठेवू नका. कातडं दमटपणा धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात, आणि पात्यावर टिकल्या-टिकल्यांचा गंज चढतो. काळ्या रंगाच्या लेपाने गंज थोडा लांबतो, एवढंच. धारेला लेप नसतोच.

नावं विचारलीत तर, सर्वांत कमी पैशांत मोरा कंपनीच्या कम्पॅनियन चाकूचं हेवी ड्यूटी रूप. पातं ३.२ मिलिमीटर जाड, मूठ ओल्या हातालाही पकड देणारी. टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तेव्हा उचकटायला वापरू नका. पण तासणं, कापणं, बेताचं लाकूड चिरणं यात त्याच्या तोडीचं त्या पैशांत मला काही माहीत नाही. जास्त पैसे असतील तर गरबर्ग, त्याच कंपनीचा. पातं तेवढंच जाड आणि टँग मुठीच्या आरपार. मोठाच हवा असेल तर कोल्ड स्टीलचा एसआरके, ६ इंच पातं, जाड टोक, पातं आणि मूठ यांच्या मधे गार्डसारखा उंचवटा. तुमची गरज ऐकून मी गरबर्गकडे झुकतो. एक सावधगिरी: या सगळ्यांच्या हुबेहूब नकला विकल्या जातात. नेहमीच्या भावाच्या निम्म्यात मिळत असेल तर तो खरा नाही असंच समजा, आणि नकलेत पोलाद कुठलं हे कोणालाच ठाऊक नसतं.

चाकू हातात आला की पहिल्या दिवशी एवढं बघा. धार डोळ्यांसमोर धरून तिच्या रेषेत नजर लावा, पातं सरळ आहे ना. दोन्ही बाजूंचे उतार मुठीपाशी एकाच ठिकाणी सुरू होतात का, ते बघा. धार उजेडाखाली धरा. चांगली धार दिसत नाही, जिथे चकाकते तिथे ती बोथट किंवा दुमडलेली आहे. कार्बन पोलादाचा, बिनलेपाचा चाकू असेल तर धारेच्या कडेला निळसर झाक आहे का, ते नीट बघा. घासताना पातं ३०० अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग येतो, आणि त्या जागेचं पाणी उतरलेलं असतं. असा चाकू परत करा.

झाक नसली तरी कारखान्यात पट्ट्यावर झपाट्याने लावलेल्या धारेचा अगदी टोकाचा, केसाएवढा भाग थोडा मऊ झालेला असू शकतो. म्हणून नवा चाकू पहिल्याच आठवड्यात नापसंत करू नका. आधी ४०० आणि मग १००० नंबरच्या दगडावर, कोन न बदलता, धार लावा. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बारीक खरबरीत कड उमटली की बाजू बदला. शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून ती कड काढून टाका. वाळलेल्या लाकडाची एक काठी तासा, पुन्हा धार लावा, पुन्हा तासा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मूळ पोलाद वर येतं आणि धार आधीपेक्षा जास्त टिकायला लागते. त्यानंतरही त्याच काठीवर धार दुमडत असेल, तर पातंच मऊ आहे. तेव्हा पावती काढा आणि वॉरंटीची मुदत संपायच्या आत तो बदलून घ्या.